आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांची झोप

सांगली भागातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचं वय ४९. अडीच वर्षांपूर्वी मिस्टरांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतो. ताईंना रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं आणि मधल्या वेळातही डोळा लागत नाही. दिवसभर कशावरूनही चिडचिड होते. परवा पहाटे मिस्टर पुन्हा पुन्हा चादर ओढत होते, तेव्हा त्यांच्या चांगल्या हातावर जोरात फटका मारला गेला. शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "झोपेची गोळी सुरू करू का? आणि मी इतकी वाईट बायको कधीपासून झाले?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात तसाच राहिला तर पुढचं काहीच तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मेंदूविकाराच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं गेली २२ वर्षं काम आहे. अशी घरं शेकड्यांनी पाहिली. हात उगारला गेल्याचं सांगताना जी बाई रडते, तिच्या वाईटपणाची मला काळजी वाटत नाही. तिच्या झोपेची वाटते. अडीच वर्षं म्हणजे नऊशेच्या वर रात्री झाल्या. त्यातली एकही रात्र तुम्ही सलग झोपलेल्या नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मी घरोघरी सांगते. ६२ निरोगी माणसं घेतली. काहींना रात्रीतून आठ वेळा मुद्दाम उठवलं. काहींना खूप उशिरा झोपायला पाठवलं, पण एकदा झोपले की मध्ये कुणी हात लावला नाही. तिसऱ्या गटाला नीट झोपू दिलं. दुसऱ्या रात्रीनंतर उशिरा झोपलेल्यांचा उत्साह-आनंद १२ टक्क्यांनी उतरला होता. वारंवार उठवलेल्यांचा मात्र ३१ टक्क्यांनी. या मोडक्या झोपेनं दुसऱ्याबद्दलची कणव आणि आपुलकी यांनाही धक्का बसला होता. ही सगळी धडधाकट माणसं होती, डोक्यावर कुणाच्या आजारपणाचा भार नव्हता, आणि झाल्या होत्या दोन रात्री.

असं का होतं? झोप लागल्यावर माणूस पायरी पायरीनं खोल उतरतो, पुन्हा वर येतो, आणि असा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो. सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात लागते. साडेअकराला पाठ टेकली आणि साडेबाराला हाक आली, तर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. चार हाका म्हणजे चारदा खाली उतरायची सुरुवात, आणि तळ एकदाही गाठायचा नाही. घड्याळात सहा तास दिसतात, अंगाला ते लागत नाहीत.

"मधल्या वेळातही झोप लागत नाही" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्वीडिश संशोधकांनी १९८८ मध्ये जहाजावरच्या इंजिनियरांची झोप मोजली होती. ज्या रात्री अलार्म वाजू शकतो हे माहीत असायचं, त्या रात्री अलार्म वाजायच्या आधीपासूनच त्यांची गाढ झोप कमी आणि हृदयाचे ठोके जास्त असायचे. वाजू शकतो, एवढं माहीत असणंच पुरेसं होतं. तुम्ही त्या खोलीत झोपत नाही, पहारा देता. एक कान सतत त्यांच्या श्वासाकडे असतो. म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं असेल की झोपण्यापूर्वी कोमट दूध प्या, जप करा, मोबाईल बंद ठेवा, तर त्या सल्ल्यांवर मी वेळ घालवणार नाही. ते वाईट नाहीत, पण पहाऱ्यावरचा माणूस दूध पिऊनही जागाच राहतो. आधी पहारा बदलायला हवा.

त्यातही पहिलं काम तुमच्या झोपेचं नाही, त्यांच्या रात्रीचं. एक साधी वही घ्या आणि सात रात्री लिहा: किती वाजता उठवलं, कशासाठी, तुम्हाला परत झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला. घड्याळ बघत बसू नका, सकाळी आठवेल तेवढं लिहा. मी पाहिलेल्या घरांत या वहीतून नेहमी काहीतरी हाती लागतं, कारण बऱ्याच हाकांमागे दुरुस्त होण्यासारखी कारणं असतात.

लघवीसाठी उठवत असतील तर औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपीच्या किंवा सूज उतरायच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी असू शकते, ती संध्याकाळी दिली जात असेल तर वेळ बदलता येते का ते विचारा. आपल्या मनानं मात्र बदलू नका. दिवसभर खुर्चीत बसून पायांवर सूज येत असेल, तर तेच पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडतं. त्यांना दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून झोपवलं तर फरक पडतो. प्रोस्टेट आणि साखर तपासून घ्या. पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर नावाचा, लघवी नळीवाटे पिशवीत गोळा करणारा प्रकार असतो. तो आत घालायचा नसतो, बाहेरून बसवायचा असतो, आणि दर रात्री नसला तरी काही रात्री फार उपयोगी पडतो. लावायला एकदा नर्सकडून शिकून घ्या. डायपर वापरायला कमीपणा वाटतो म्हणून कित्येक बायका रोज रात्री तीनदा चादरी बदलतात. त्यांना मी सांगते, डायपर त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे, आणि तुमच्यासाठी असणंही पुरेसं कारण आहे.

दुखतंय म्हणून उठवत असतील तर पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा बघा. बोलता येत नसलेला माणूस चादर ओढतो, कॉटचा कठडा वाजवतो, कण्हतो. तुमचे मिस्टर पहाटे चादर ओढत होते. ते हट्टानं ओढत होते की खांदा खाली दबला होता, हे मला इथून सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी तो हात आधी उशीवर नीट ठेवून बघा. फिजिओथेरपिस्टला खास विचारा, की रात्री हात कसा ठेवायचा आणि चांगल्या हातानं कठडा धरून स्वतः कूस वळवायला शिकवाल का. हे बऱ्याच जणांना जमतं आणि घरातलं कुणी विचारतच नाही. घोरत असतील, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटून दचकून उठत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर निम्म्याहून जास्त रुग्णांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असतो. त्यावर उपचार झाले तर त्यांचं आणि तुमचं, दोघांचंही भलं होतं.

कूस बदलण्याबद्दल जरा सविस्तर सांगते. "दर दोन तासांनी" हे दवाखान्यातून निघताना सांगितलं जातं आणि घरी ते वर्षानुवर्षं अलार्म लावून पाळलं जातं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधल्या रहिवाशांवर झालेल्या अभ्यासात चांगल्या फोमच्या गाद्यांवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्यांमध्ये पाठीच्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ तुम्ही उद्यापासून अलार्म बंद करावा असा नाही. आधी जखम झालेली असेल, अंगावर मांस नसेल, साखर असेल, तर हिशेब वेगळा. पण योग्य गादी असताना रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. वाढवलं तर रोज सकाळी माकडहाड, टाचा आणि खुबे बघायचे. लाल झालेली जागा बोटानं दाबल्यावर पांढरी न होता लालच राहिली, तर लगेच आधीच्या वेळेवर यायचं आणि दाखवून घ्यायचं. दोनाचे चार तास झाले तर तुमच्या आयुष्यात अडीच वर्षांनी पहिल्यांदा दोन सलग फेरे झोपेचे येतील.

आणखी एक. मिस्टर दुपारी किती झोपतात? घरातली कामं आवरावीत म्हणून त्यांना झोपू दिलं जातं, मग ते रात्री टक्क जागे. सकाळी अंगणात, गॅलरीत, जिथं ऊन येतं तिथं अर्धा-पाऊण तास बसवा. पक्षाघातानंतर साधारण एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं, आणि वाचा गेलेल्यांचं ते ओळखूच येत नाही. रात्रीची हाक कधी कधी फक्त "आहेस ना?" एवढीच असते.

आता वाटणी. माझ्या मते तुमचा खरा उपाय इथे आहे, आणि सगळ्यात अवघडही इथेच आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, मुलं-म्हातारे-आजारी अशा घरातल्यांचं करणाऱ्या बायकांचे रोजचे १३४ मिनिटं आणि पुरुषांचे ७६ मिनिटं जातात असं दिसलं. मिनिटं मोजता आली, कान टवकारून काढलेली रात्र कुणी कशी मोजणार? तुमच्या घरात रात्र तुमच्या एकटीच्या नावावर लिहिली गेली आहे आणि ती तशी का, हे कुणी विचारलेलंही नाही. बहुतेक तुम्हीही नाही.

मुलगा शनिवारी येतो. मला खात्री आहे, तो आला की तुम्ही त्याच्यासाठी जास्तीचा स्वयंपाक करता, आणि आठवडाभर दमलाय म्हणून त्याला आतल्या खोलीत झोपू देता. त्याला असं सांगा: "शनिवारी रात्री साडेनऊपासून सकाळी सहापर्यंत बाबांजवळ तू झोपायचंस. मी दार लावून आत झोपणार." "जमलं तर थोडी मदत करत जा" असं म्हणू नका, त्यातून काहीच निघत नाही. वार, वेळ, काम, तिन्ही ठरवून सांगा. पहिल्या शनिवारी तुम्ही त्याला सगळं दाखवा, दुसऱ्या शनिवारी त्या खोलीत पाऊलही टाकू नका. तो डायपर वाकडा बांधेल. बांधू द्या.

मुलीनं रात्र जागावी असं मी म्हणणार नाही, तिची परीक्षा आहे, आणि वडिलांचं शरीराचं सगळं तिनं करावं हे दोघांनाही जड जाईल. पण मुलं रात्री बारा-साडेबारापर्यंत जागीच असतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस नऊ ते साडेबारा ती पुस्तक घेऊन बाबांच्या खोलीत बसू शकेल. त्या साडेतीन तासांत तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. पहिल्या भागातली गाढ झोप तेवढ्यात मिळून जाते. मग पुढची रात्र तुमची असली तरी ती निभते. रोज ठरलेल्या वेळी मिळणारे निदान चार सलग तास शरीराचं घड्याळ जागेवर ठेवायला बरीच मदत करतात, असं पाळीवर काम करणाऱ्या लोकांच्या अभ्यासातून माहीत झालं आहे. आपलं लक्ष्य आठ तासांचं नाही. चार सलग, आणि तेही दार लावून.

परवडत असेल तर ब्युरोतून रात्रीचे मामा, म्हणजे रुग्णाचं करणारे पुरुष मदतनीस, आठवड्यातून दोन रात्री लावा. पूर्ण आठवड्याचा खर्च झेपत नाही म्हणून बरीच घरं काहीच करत नाहीत. दोन रात्रींनीही माणूस वाचतो. नणंद, दीर "काही लागलं तर सांगा" म्हणून गेले असतील. त्यांना सांगा, हे लागतंय.

ज्या रात्री तुम्ही एकट्याच आहात, त्या रात्री ते झोपले की तुम्हीही झोपा. मला माहीत आहे तुम्ही तसं करत नाही. नऊला ते झोपतात आणि तुम्ही साडेअकरापर्यंत मालिका बघता, मोबाईल चाळता, भांडी आवरता. मी हे रागावून लिहीत नाही. एका आजींनी मला सांगितलं होतं, "बाई गं, तेवढे दोन तास मला कुणी हाक मारत नाही." दिवसात आपलं म्हणावं असं तेवढंच असतं, ते सोडवत नाही. पण नेमके तेच तास तुमच्या सगळ्यात गाढ झोपेचे आहेत. म्हणून तो आपला वेळ काढून टाकू नका, दिवसात हलवा. संध्याकाळी पाच ते सहा सासूबाई मिस्टरांजवळ बसू शकतील ना? ७८ वर्षांच्या असल्या तरी हात धरून बसणं आणि हाक मारणं त्यांना जमेल, आणि आपल्यालाही काही करता येतं म्हणून त्यांना बरंच वाटेल. त्या तासात भाजी आणायला जाऊ नका. मैत्रिणीकडे जा, देवळाच्या कट्ट्यावर बसा, काही करू नका.

रात्री उठलात तर ट्यूबलाइट लावू नका, झिरोचा पिवळा दिवा पुरे. लागणाऱ्या सगळ्या वस्तू एका ट्रेमध्ये कॉटशेजारी ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पूर्ण जाग येणार नाही. औषधं मात्र त्या ट्रेमध्ये नकोत. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात मी स्वतः अर्धवट झोपेत पहाटेची गोळी समजून दुसरीच गोळी त्यांच्या हातावर ठेवली होती. त्यांनीच ती ओळखून परत दिली. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जागेवर नसतं, तेव्हा औषधाचं काम करायचंच नाही. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं जरूर पडा, चारच्या आत. संध्याकाळचा चहा जमलं तर सोडा, कारण पाच-सहा तासांनीही त्याचा निम्मा अंमल अंगात असतो.

झोपेच्या गोळीचं म्हणाल, तर आत्ता नको असं माझं मत आहे. गोळी घेऊन एकट्यानं रुग्णाजवळ झोपलात आणि ते कॉटवरून सरकले, तर ऐकू येणार नाही. ऐकू आलंच तर झोकांडी जाऊन तुम्ही पडाल. काही आठवड्यांतच त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. आणि मुळात तुम्हाला निद्रानाश नाही, तुम्हाला झोपू दिलं जात नाही. मिस्टरांच्या गोळ्यांतली एखादी घेत असाल तर आजच थांबवा असं म्हणणार नाही, कारण एकदम थांबवणंही बरं नसतं. पण डॉक्टरांना खरं सांगा. पहारा बदलल्यानंतर, दार लावून, शांत खोलीतही तीन-चार आठवडे झोप लागत नसेल, तर तो निद्रानाश. त्यावर झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची ठरावीक उपचारपद्धत आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ पासून गोळ्यांच्या आधी तीच द्यावी अशी शिफारस केली आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याची चौकशी करा.

तोवर स्वतःचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि बीपी तपासून घ्या. ४९ व्या वर्षी पाळी जाण्याच्या सुमाराला अंगातून वाफा येऊनही जाग येते, ते सांगायला लाजू नका. अमेरिकेतच १९९५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं करणाऱ्या बायकांच्या हातावर एक छोटी, सारख्या मापाची जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं होतं. त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. दमणूक फक्त मनात राहत नाही, ती कातडीपर्यंत जाते.

मनाचं थोडं. तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत हे कधीतरी मनात येतंच: "हे सुटले तर बरं." आणि मग आपणच दचकतो. हा विचार आला म्हणजे माणसावरचं प्रेम गेलं असं होत नाही. तुम्ही त्यांच्या त्रासाचा आणि तुमच्याही त्रासाचा शेवट मागत असता. दुसरं, वाचा गेलेल्या माणसाची आठवण तो समोर असताना येते. ज्यांच्याशी रात्री दिवसभराचं बोलायचात, ते तिथेच आहेत आणि बोलत नाहीत. हे दुःखच आहे. पण त्याला ना दिवस-वार होतात, ना कुणी भेटायला येतं. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत आजाऱ्याला शुभार्थी आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत दोघंही येतात. तुमच्या जवळ असा गट नसेल तर फिजिओथेरपीला येणाऱ्या दोन-तीन घरांतल्या बायका मिळून महिन्यातून एकदा बसा. जी स्वतः रात्री उठते तिला फार समजावून सांगावं लागत नाही.

थकवा आणि नैराश्य यात फरक कसा करायचा, ते माझ्या अनुभवातून सांगते. तीन-चार रात्री नीट झोप मिळाल्यावर चहाला चव आली, मुलीच्या बोलण्यावर हसू आलं, तर तो बराचसा थकवा होता. झोप मिळूनही दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदासच आहे, कशातच रस नाही, जेवण जात नाही, आपण सगळ्यांना ओझं आहोत असं वाटतंय, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. स्वतःचं किंवा त्यांचं काही बरंवाईट करावं असा विचार एकदाही आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

राहिला तो फटका. मी तो "होतं असं" म्हणून सोडून देणार नाही, कारण पुढच्या वेळी तो जास्त जोरात बसू शकतो. राग हातापर्यंत आला असं वाटलं की कॉटचा कठडा वर करा, ते सुरक्षित आहेत एवढं बघा आणि खोलीबाहेर या. पाच मिनिटं चादर ओढू द्या. आणि मिस्टरांशी बोला. वाचा गेली तरी आवाजातला सूर आणि चेहरा त्यांना समजतो, बऱ्याचदा शब्दही आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतात. सकाळी, चहा पाजून झाल्यावर, तोच डावा हात हातात घेऊन छोट्या वाक्यांत सांगा: "परवा मी मारलं. चुकलं माझं. मी झोपले नव्हते." आणि पुढचंही सांगा, की शनिवारपासून रात्री मुलगा जवळ झोपेल. नाहीतर अंधारात दुसराच आवाज ऐकून ते घाबरतील आणि तुम्हालाच हाक मारायला बघतील.